घडीच्या चाकूचा पावसाळा

ये बाई, जवळ ये. तू तिकडं गडचांदूरले बसली आहेस हे मले ठाऊक आहे, पण हे वाचताना तरी जरा माझ्याकडं सरकून बस. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर तू इचारलं, आजी, मी दिलेला चाकू कसा निघाला, चांगला की खराब, एका शब्दात सांग, मले मोबाईलवर त्याले स्टार द्यायचे आहेत. असं इचारतेत का? सोयरीक पाहाले गेलेले लोकही पोरीले इतक्या लवकर चांगली-वाईट म्हणत नाईत, चहा तरी पूर्ण पितेत. तू होळीले आली, डबा माझ्या हातात ठेवला, उघडून पाहाले थांबलीही नाई, तुझी बस निघून राह्यली होती. आता एका शब्दात उत्तर पायजे. एका शब्दात नाई देत मी. पूर्ण पावसाळा लागला मले ते उत्तर काढाले, तुले दोन पानं वाचाले काय होते?

तुले बाजारातली माझी जागा माहीत आहे. चिंचेच्या उजव्या अंगाले, चहा-भज्याच्या टपरीसमोर. माझी सासू तिथी बसायची, मग मी बसली. पावशी, ती आपली मोठी विळी, पायाखाली दाबायची, समोर मासोळ्यांचं टोपलं, बाजूले राखेचा डबा. मरळ हातातून सटकते म्हणून तिले राख चोळायची आणि दोन्ही हातांनी पात्यावर ओढायची. सारी उमर मी अशी बसली. तलावाची मच्छी पुरुषांनी काढायची आणि बायांनी कापून इकायची, हे आमच्या घरात ठरलेलंच आहे. जाळं त्यांचं, पावशी आमची.

मग गुडघा बिघडला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला, खाली बसणं बंद. मी म्हणली, मग मच्छी कोण कापीन? तो म्हणाला, ते मी कसं सांगू बाई. बरोबरच आहे त्याचं.

पण तुझ्या मामाले कारण भेटलं. घरी आल्यावर त्यानं जेवतानाच विषय काढला.

"माय, आता तू घरी बस. ती जागा तुझ्या बाजूले बसणाऱ्या बाईच्या सुनेले देऊन टाकू. ती कधीची मागून राह्यली."

बाजारातल्या जागेचा कायदा तुले सांगते, तो कुठी लिहिलेला नाई. जी बाई बसते तिची जागा. एक हंगाम नाई बसली, की दुसरी बसते, आणि मग तिले उठवायची कोणाची हिंमत होत नाई, कारण ती पण कोणाची तरी सूनच असते. म्हणजे मी घरी बसली की जागा गेली. आणि जागा गेली की मी फक्त अंगणात धान राखणारी, कोंबड्या हाकलणारी म्हातारी. मले कोंबड्यांचा राग नाई, पण त्या माझ्यासंग भाव करत नाईत.

तेव्हा मले तुझा डबा आठवला. तांदळाच्या कोठीवर तसाच पडून होता.

उघडून पाह्यला तर केवढा मोठा चाकू. बंद असताना माझ्या मुठीत मावत नाई, उघडल्यावर मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत नुसतं पातं. मुठीच्या आत पात्याले झोपाले फट, आणि सांध्याजवळ एक खटका. उघडलं की खटका कट्ट करून बसते, मग तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाई. मले आधी त्या खटक्याचीच भीती वाटली. मच्छीच्या डोक्यावर जोर लावला आणि पातं माझ्याच बोटांवर मिटलं तर? म्हणून पह्यले पात्याची पाठ बाभळीच्या ठोकळ्यावर आपटून आपटून पाह्यली. मिटलं नाई. कोंबड्या पळाल्या, तुझा मामा बाहेर येऊन पाहून परत आत गेला.

त्याच्यासंग मी बोली केली. मिरगापासून पोळ्याच्या पाडव्यापर्यंत मी उभ्यानं, चाकूनं मच्छी कापून पाहीन. पाडव्याच्या बाजारात जमलं तर जागा माझी. नाई जमलं तर मीच बाजूच्या बाईच्या सुनेचा हात धरून तिले तिथी बसवून देईन. तो म्हणाला, चाकूनं भाजी कापतेत माय, बाजार नाई कापत. मी म्हणली, पाहू.

पाडवाच काऊन, तर श्रावणात आपल्याकडं अर्धं गाव मच्छी खात नाई. पोळ्याले बैल पुजून झाले की श्रावण संपते, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याले सगळ्याईले एकदमच भूक लागते. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार तो. त्या दिवशी गिऱ्हाईक थांबत नाई. ज्या बाईचा हात थांबला, तिच्या समोरून लोक बाजूच्या टोपल्याकडं सरकतेत.

आता ऐक, पह्यल्या दिवशी मी काय केलं ते. हसू नको. अंगणात ड्रम पालथा घातला, त्यावर ठोकळा ठेवला, चाकू उघडला, आणि मूठ ठोकळ्यावर उभी दाबून धरली, धार माझ्याकडं. मग दुसऱ्या हातानं रोहू उचलला आणि पात्यावर ढकलाले लागली. पावशीवर हात असेच चालतेत ना. पातं जागेवर राहते आणि मच्छी पात्याकडं येते. आता मच्छीनं जागेवर राहायचं आणि पात्यानं यायचं, हे माझ्या डोक्याले समजत होतं, पण हाताले समजत नव्हतं. रोहू खाली पडला, कुत्र्यानं पळवला. तुझी मामी दारातून म्हणाली, आता रोज एक कुत्र्याचा आणि एक आपला असं धराले पायजे.

पण शिकली. काकडीवर शिकली, भोपळ्यावर शिकली, मग मासोळीवर. मासोळीच्या मानेवर पातं ठेवायचं, दाबायचं नाई, ओढायचं. आपण दाबाले जातो आणि पातं ओढलेलं मागते. एकदा हे हाताले कळलं की मग चाकू पावशीपेक्षा वेगळा राह्यला नाई.

मग धारेची परीक्षा. तुझ्या डब्यावर काय काय लिहिलं होतं, ते मले वाचता आलं नाई, इंग्रजी होतं. माझी परीक्षा पळसाच्या पानाची, माझ्या सासूची आहे ती. ताजं पान देठाले धरून लोंबतं ठेवायचं आणि पातं वरून खाली न्यायचं. धार असली तर पान हलतही नाई आणि त्याचे दोन होतेत. धार गेली असली तर पान पात्यासंग मागं सरते आणि फाटते. आधी कोरं पातं पानावर घेऊन पाह्यलं. मग अंबाडीचा दोर कापला, पुन्हा पान. ओल्या बांबूच्या कमच्या काढल्या, पुन्हा पान. रोहूची डोकी फोडली, पुन्हा पान. आणि राख चोळलेल्या मरळी कापल्या. राख कोणत्याही धारेची दुश्मन, तिच्यात रेती असते. माझी पावशी राखेच्या मच्छीवर दुपारपर्यंतच टिकते, मग दगड काढावा लागते. चाकूनं पान कापलं. संध्याकाळीही कापलं. पान जरासं हललं, पण फाटलं नाई.

मले आनंद झाला, पण मी तो कोणाले दाखवला नाई. परीक्षा अर्धीच झाली होती.

कारण धार जेव्हा गेली तेव्हा लवकर परत आली नाई. पावशीचं लोखंड आपल्या दगडावर चार हात फिरवले की मानते. हे स्टील अडेलतट्टू. घासते आहे, घासते आहे, आणि पान फाटूनच राह्यलं. तेव्हा मी ठरवलं की याची धार जाऊच द्यायची नाई. प्रत्येक बाजाराच्या आदल्या दिवशी, गरज असो नसो, दगडावर पाणी टाकून थोडं थोडं पाजवायचं. लेकराचे केस जसे रोज इंचरले तर गुंता होत नाई, आठ दिवसांनी इंचरले तर रडते, तसं आहे ते.

मिरुग लागला आणि मी बाजारात उभी राह्यली. ड्रम, ठोकळा, टोपलं, आणि कमरेले घडीचा चाकू. बाजूची बाई माझ्या वयाची नाई, लहान आहे, मले मावशी म्हणते. आमचं इतक्या वर्षांचं आहे की एकमेकीचं टोपलं आम्ही न पाहता मोजतो. तिनं पावशीवरून मान वर करून माझ्याकडं पाह्यलं.

"मावशी, अशा उभ्या राह्यल्या तर पोलिसवाले येतीन. लोकाईले वाटीन लुटाले आली बाई."

मी म्हणली, तुझं टोपलं पह्यले लुटीन. सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझं पह्यलं गिऱ्हाईक आलं. हात हळू चालला, पण चालला. पुढच्या बाजाराले जरा लवकर. आषाढातला आखाडीचा बाजार आला तेव्हा लोक माझ्याकडं पाहत नव्हते, मच्छीकडं पाहत होते. तेच मले पायजे होतं.

आता जंगाचं. पावसाळ्यात पावशीच्या पात्याले रातोरात लाल चढते. सकाळी राखेनं घासल्याशिवाय ते तोंड दाखवत नाई. म्हणून मी घरात जुन्या मोडक्या पावशीचं पातं होतं ते काढलं, आणि ते अन् उघडा चाकू एकाच ओल्या पोत्यात गुंडाळून, वर मच्छी धुतलेलं पाणी आणि मीठ टाकून, चुलीमागं ठेवले. सकाळी पावशीचं पातं लाल भडक. चाकू धुतला तर जसाच्या तसा. मग अंबाडीची भाजी कापली आणि न धुता ठेवला. वास्ते कापले, तो बांबूचा कोवळा कोंब दोन दिवस पाण्यात आंबलेला, त्याचं आंबट लावून ठेवला. एक फिकट ढगासारखा डाग आला, तोही राखेनं गेला. मी तुझ्या मामासमोर दोन्ही पाती ठेवली. त्यानं चाकू उलटा-सुलटा करून पाह्यला आणि म्हणाला, पात्याचं ठीक आहे. तो एवढंच म्हणाला, आणि मले वाटलं जिंकली.

श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा बाजार झाला. पाऊस कोसळून राह्यला होता. मी चाकू बादलीत बुडवून धुतला, पदरानं पातं पुसलं, आणि निघायच्या आधी मिटून टाकला. घरी येऊन फळीवर ठेवला. श्रावणात मी टोपलं मांडत नाई, म्हणून महिनाभर त्याले कोणी हात लावला नाई. पाडव्याच्या आदल्या दिवशी पाजवायला काढणार होती, पण पोळ्याची गडबड, बैलांच्या शिंगाले बेगड, घरात पुरणाचा घाट. मनात म्हणली, शेवटच्या बाजाराआधी पाजवलेलाच आहे, उद्या निभेल.

पाडव्याले उजाडता उजाडता बाजार भरला. तुझा मामा रातच्या जाळ्याची मच्छी टोपल्यात ओतून गेला, रोहू, मरळ, झिंगे, टोपल्यात जागा नाई. जाताना म्हणाला, दुपारी सायकल घेऊन येतो. माझ्यासमोर बाया पिशव्या घेऊन उभ्या. पह्यलीनं मोठी मरळ निवडली. मी कमरेचा चाकू काढला, अंगठा लावला, आणि चाकू उघडला नाई.

पुन्हा लावला. नाई. दोन्ही हातांनी ओढला. पातं फटीत असं बसलं होतं जसं काही त्याचा आणि मुठीचा एकच तुकडा आहे. सांध्यातून तांबूस पाणी माझ्या बोटावर आलं, आणि मले सगळं एकदम समजलं.

पात्याले जंग चढतच नव्हता. पात्याची परीक्षा मी घेतली, आंबट लावलं, मीठ लावलं. सांध्याची घेतली नाई. सांधा ओला असतानाच मी दर वेळी चाकू मिटला. आणि मिटला काऊन, तर माझ्या सासूनं मले पह्यल्याच दिवशी शिकवलं होतं की काम झालं की उठायच्या आधी पावशी आडवी करायची, उभं पातं घरात भांडण आणते. उभं पातं सोडून मी आजवर उठली नाई. हात म्हणाला काम झालं, पातं आडवं कर. हातानं चाकू मिटला. पाणी आत, मच्छीचा चिकटा आत, आणि वर पूर्ण श्रावण.

मरळवाली बाई म्हणाली, होऊन राह्यलं का आजी? तिच्या मागची बाजूच्या टोपल्याकडं पाहून राह्यली होती.

बाजूच्या बाईनं सगळं पाह्यलं होतं. तिनं आपल्या पायाजवळची दुसरी पावशी माझ्याकडं सरकवली. "बसा मावशी, आजच्या दिवस." मी गुडघ्याकडं पाह्यलं. खाली बसली असती तर उठली नसती हे एक, आणि तुझा मामा दुपारी येऊन मले खाली बसलेली पाहील हे दुसरं. मी म्हणली, नाई बसत. तिनं माझ्याकडं एकदा पाह्यलं, आणि माझ्या गिऱ्हाईकाच्या हातातली मरळ ओढून घेतली. "आणा इकडं. मावशीची मच्छी आहे, पैसे मावशीले द्या, कापून मी देते. त्यांच्या चाकूची आज झोप नाई झाली." आणि तिनं आपली मच्छी बाजूले ठेवून माझी कापाले सुरुवात केली. जिच्या सुनेले माझी जागा पायजे होती, ती.

मी टपरीवर गेली. चहावाल्या भाऊले म्हणली, केटलीतलं उकळतं पाणी दे. तो म्हणाला, चहा पत्ती टाकून देऊ की बिनपत्तीचा? मी चाकू त्याच्यासमोर धरला तेव्हा त्यानं केटली वाकडी केली. सांध्यावर उकळतं पाणी सोडलं. तांबडं पाणी निघालं. पुन्हा सोडलं. मग त्याच्या भज्याच्या कढईतलं गार झालेलं तेल चमच्यानं सांध्यात दोन्ही अंगांनी टाकलं. चाकू फडक्यात गुंडाळून पाठीकडून टपरीच्या बाकावर हळूहळू आपटला. जोरात नाई. जोर लावला असता तर खटका तुटला असता, मग तू दिलेला चाकू म्हणजे लोखंडाचा ठोकळा झाला असता. पुन्हा पाणी, पुन्हा तेल. मागून बाजूच्या बाईचा आवाज, मावशी, तुमची अर्धी मच्छी संपून राह्यली. मी म्हणली, कापत राहा.

आणि मग फटीतून पातं केसाएवढं हाललं. मी दम धरला. मिटवलं, उघडलं, मिटवलं, उघडलं, जशी गुडघ्याची कसरत डॉक्टरनं सांगितली तशी. आणि शेवटी तो खटका बोलला, कट्ट.

पातं पाह्यलं. वर साफ, धार साफ. फक्त खाली, सांध्याले लागून, मुगाएवढा एक काळा डाग. धुतलं, राखेनं घासलं, चिंचेखालच्या मच्छी बांधायच्या पळसाच्या पानांतलं एक उचललं, देठ धरला, पातं खाली नेलं. पान हललं नाई. दोन झाले.

मी ठोकळ्याजवळ गेली आणि बाजूच्या बाईच्या हातातून माझा रोहू परत घेतला. ती म्हणाली, आता काय लुटता का? त्यानंतर आम्ही दोघींनी मान वर केली नाई. ती खाली, मी वर, मधात खवले उडून राह्यले. पाडव्याचं गिऱ्हाईक कसं असते तुले माहीत आहे, कोणाले डोकं वेगळं पायजे, कोणाले पोटाचा भाग, कोणाले बारीक तुकडे. चाकू थांबला नाई. दुपार झाली तेव्हा तिनं दगड काढून पावशी पाजवली. मी नाई काढला. तिनं ते पाह्यलं.

तुझा मामा सायकल घेऊन आला. ड्रम, ठोकळा घरी न्यायलाच तो आला होता, कायमचा, दोरी पण सोबत होती. टोपलं रिकामं होतं. मी शेवटच्या झिंग्यांचं पान बांधून राह्यली होती. त्यानं माझ्या हातातला चाकू पाह्यला, ठोकळ्यावरचे घाव पाह्यले, मग टपरीवाल्या भाऊनं त्याले सकाळची सगळी गंमत ऐकवली, केटलीसकट. मग मामानं दोरी पुन्हा सायकलच्या दांड्याले गुंडाळली.

"माय, ड्रम इथीच टपरीमागं ठेवू का? दर बाजाराले कुठी ने-आण करतं."

मी म्हणली, ठेव.

त्यानंतर मी चाकूची रीत बदलली. आता बाजार झाला की तो उघडाच धुते, सांध्यावर गरम पाणी सोडते, हलवून झटकते, आणि मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल एक थेंब आत सोडते. मग वाळायला उघडाच ठेवते. पण उभं पातं उघडं ठेवायचं नाई हेही माझ्यानं मोडत नाई, सासू स्वप्नात येऊन बोलीन. म्हणून तुझ्या मामानं पोकळ बांबूचा तुकडा कापून दिला, पात्यापेक्षा बोटभर लांब. पातं त्या बांबूत घालायचं, चाकू उघडा तो उघडा, पातं झाकलेलं ते झाकलेलं. सांधा हवेत. बाजूच्या बाईनं तो बांबू पाहून इचारलं, चाकूले सोवळं नेसवलं का मावशी? तिच्या सुनेलेही मी जागा दिली, पण माझी नाई. माझ्या ठोकळ्याच्या पलीकडं, टपरीच्या भिंतीले लागून थोडी जागा निघते, तिथी ती आता पावशी घेऊन बसते. चाकू मागते कधी कधी. देते मी, पण ओला परत घेत नाई.

तर तुझं उत्तर. धार बाजारभर टिकते, पण गेल्यावर परत आणाले जीव जाते, म्हणून जाऊ देऊ नये. पात्याले मीठ, आंबट, पाऊस, काही होत नाई. सांध्याले होते, आणि तो दोष मी चाकूले देत नाई. स्टार किती द्यायचे ते तूच ठरव, मले त्यातलं काही कळत नाई. पण लिहिशीन तर हे लिही की ओला मिटू नका.

आणि आता हे वाचून झालं की बसचं पाह्य. गडचांदूर काही परदेशात नाई. तलावाचं पाणी उतराले लागलं आहे, मरळी काठाशी येऊन राह्यल्या. बाजाराच्या दिवशी ये, सरळ घरी जाऊ नको, चिंचेपाशी उतर. मी उभीच असीन. तुले मरळ निवडाले लावते आणि तुझ्यासमोर कापते. लवकर ये बाई, आणि या वेळी डबा ठेवून पळू नको, जेवून जा.